फ्रँकलिनची शेगडी

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी हिवाळा मोठा कडक असतो. अठराव्या शतकात तेथील घरांत भिंतीत बांधलेली रुंद चूल असे आणि तिच्यावर उंच धुराडे असे. चुलीत लाकडाचे ओंडके सारखे जळत. पण त्यांची बहुतेक ऊब धुराड्यावाटे आकाशात निघून जाई. आगीच्या ओढीने बाहेरची गार हवा दारांच्या फटींतून आत शिरे. त्यामुळे चुलीपुढे बसणाऱ्याचे तोंड भाजे, आणि पाठ मात्र थंडीने काकडे. शिवाय भोवतालची राने तुटत चालली होती. काही गावांना तर जळण जवळजवळ १०० मैलांवरून आणावे लागे. गरिबांनी काय करावे?

ही अडचण बेंजामिन फ्रँकलिनच्या मनाने घेतली. तो मूळचा बॉस्टनचा. त्याचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी झाला. बाप साबण आणि मेणबत्त्या करणारा. घरात मुले सतरा. शाळेचे सुख बेंजामिनला दोनच वर्षे मिळाले. पण बाप त्याला सुतार, गवंडी अशा कारागिरांचे काम दाखवायला नेई आणि मुलगा ते टक लावून पाही. बाराव्या वर्षी तो थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून लागला. भावाशी पटेना, म्हणून १७२३ मध्ये तो पळून फिलाडेल्फियास आला आणि पुढे काही वर्षांत स्वतःच्या छापखान्याचा मालक झाला.

१७४० च्या सुमारास त्याने चुलीत बसवण्याजोगी एक बिडाची शेगडी योजली. ती समोरून उघडी होती. आगीच्या मागे एक पोकळ पेटी होती. धूर त्या पेटीवरून मागे जाई, तेथून खाली उतरे आणि मग तळाखालून धुराड्यात शिरे. एवढ्या वळणात तो आपली ऊब लोखंडाला देऊन जाई. खालून घेतलेली ताजी हवा पेटीच्या पोटातून फिरे आणि तापून बाजूच्या भोकांवाटे खोलीत येई. रॉबर्ट ग्रेस ह्या मित्राने आपल्या भट्टीत शेगडीचे पत्रे ओतून दिले. १७४४ मध्ये फ्रँकलिनने ह्या शेगडीवर एक पुस्तिकाही छापली.

ती वाचून प्रांताच्या गव्हर्नरने शेगडी विकण्याचा एकट्याचा हक्क काही वर्षे त्याला देऊ केला. फ्रँकलिनने तो घेतला नाही. दुसऱ्यांनी लावलेल्या शोधांचा आपण फुकट उपयोग करतो, तेव्हा आपला शोधही लोकांना मोकळ्या मनाने द्यावा, असे त्याचे मत होते. लंडनच्या एका लोहाराने मात्र तिच्यात थोडा फेरफार करून तोच हक्क मिळवला आणि बराच पैसा केला.

परंतु शेगडीत एक खोट होती. तापलेला धूर स्वभावतः वर चढतो आणि येथे त्याला आधी खाली उतरायला लावले होते. धुराडे चांगले तापलेले असले, तर वरची ओढ त्याला नेई. आग मंद झाली की धूर वाटेतच थंड होई, त्याच्या अंगी चढण्याचे बळ उरत नसे आणि तो उलटून खोलीत येई. पुढच्या कारागिरांनी ती वाकडी वाट काढून टाकली. फ्रँकलिनचे नाव मात्र शेगडीला चिकटले ते कायमचेच.

धुराचा विचार त्याने पुढेही सोडला नाही. तोवर विजेच्या प्रयोगांनी तो जगप्रसिद्ध झाला होता आणि आपल्या देशाचा वकील म्हणून फ्रान्समध्ये राहिला होता. १७८५ मध्ये तो घरी निघाला, तेव्हा वय ७९ होते आणि मूतखड्याने तो बेजार होता. तरी जहाजावर बसून त्याने व्हिएन्नाच्या दरबारी वैद्याला, इंगेनहाउस ह्याला, एक लांबलचक पत्र लिहिले. धूर घरात उलटण्याची नऊ कारणे त्यात दिलेली आहेत.

पहिले कारण हवेचा तुटवडा. नव्या घरांची दारे इतकी घट्ट बसत की, आगीला हवाच मिळत नसे. त्याची परीक्षा सोपी होती. दार उघडताच धूर थांबला, तर दोष हवेचा. मग दार हळूहळू लोटावे, आणि धूर पुन्हा येऊ लागण्यापूर्वीची फट मोजावी. दार ८ फूट उंच आणि फट अर्धा इंच असेल, तर खोलीला ४८ चौरस इंचांचे, म्हणजे ६ इंच रुंद आणि ८ इंच लांब भोक हवे. ते छताजवळ पाडावे, म्हणजे गार हवा वरच्या उबेत मिसळून खाली येते.

त्याच पत्रात त्याने आपली एक फजितीही लिहिली आहे. लंडनजवळ एका मित्राच्या घरातील उत्तम खोलीत आग पेटवण्याची सोय नव्हती. सगळा धूर आत येई. फ्रँकलिनने दार उघडून पाहिले, चुलीचे तोंड लहान करून पाहिले, बाहेर जाऊन धुराड्याचे टोक न्याहाळले. शेजारची आखूड धुराडीसुद्धा नीट चालत होती! अखेर आपली अक्कल चालत नाही, हे त्याने कबूल केले.

मित्राला त्या विद्येचा गंधही नव्हता. काही दिवसांनी तो शिडी लावून वर चढला आणि त्याने धुराड्यात डोकावून पाहिले. आत काड्या, गवत, चिखल आणि पिसे गच्च भरली होती. ते घर काही वर्षे ओस होते, तेव्हा मोठ्या पक्ष्यांनी तेथे घरटे केले असावे. तो सगळा केर उपसून काढताच धूर सरळ वर जाऊ लागला.