ठाण्याच्या रक्तसाक्ष्यांचे बखरकार फादर जॉर्डन

मध्ययुगीं युरोपांतील मठांत ग्रंथालय सांभाळणारा एखादा संन्यासी वर्षानुवर्षें आपल्या काळाची बखर लिहीत बसे. हातीं लेखणी, भोंवतीं ग्रंथ आणि डोईवर मठाचें छप्पर, एवढें सुख त्यास असे. फादर जॉर्डन कातालानी ह्यांस यांपैकीं लेखणीवांचून दुसरें कांहींच लाभलें नाहीं. तरीपण आपल्या चेंबूरच्या पूर्वेकडील खाडीच्या माथ्याशीं वसलेल्या ठाण्यांत सातशें वर्षांपूर्वीं ख्रिस्ती लोक होते, आणि तेथें चार धर्मवीरांनीं रक्त सांडलें, हें आपणांस ठाऊक आहे तें मुख्यतः त्यांच्यामुळें.

फादर जॉर्डन हे डॉमिनिकन संघाचे धर्मगुरु. इ. स. १३२१ त चार फ्रान्सिस्कन सोबत्यांसह ते कोल्लमला जाण्यास निघाले. परंतु जहाज लागलें तें ठाण्यास. तेथें पूर्वेकडील नेस्तोरियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांचीं पंधरा घरें होतीं. त्यांनीं ह्या परदेशी धर्मबंधूंस मोठ्या प्रेमानें उतरून घेतलें. फादर जॉर्डनांस फारसी भाषा येत असल्यामुळें, भडोचकडील ख्रिस्ती लोकांस भेटावयास त्यांनींच जावें असें ठरलें. ते वाटेवर असतांनाच इकडे काजीपुढें धर्माविषयीं वादविवाद झाला, आणि एप्रिलच्या ९ व ११ तारखांस थॉमस, जेम्स, पीटर व देमेत्रियस ह्या चौघांचा वध झाला.

फादर जॉर्डन परत फिरले. एका जिनोव्हा देशच्या तरुणाच्या साहाय्यानें त्यांनीं सोबत्यांचीं प्रेतें सोपाऱ्यास नेऊन तेथील संत थॉमस ह्यांच्या देवळांत पुरलीं. त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ ते ह्या किनाऱ्यावर एकटेच राहिले. आजार, तुरुंग, फटके, दगडांचा मारा, सर्व कांहीं त्यांनीं सोसलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत त्यांनीं घोघा बंदराहून इराणांतील धर्मबंधूंस पत्र धाडलें. मित्रांस नुकतेंच मातींत ठेवून आलेला हा मनुष्य शोक करीत बसत नाहीं. सोपारा, भडोच व कोल्लम येथें धर्मगुरु पाठवा, अशी विनंती करतो! मला तर त्यांचें मोठेपण तेथेंच दिसतें.

लौकरच ओदोरिक नांवाचे फ्रान्सिस्कन प्रवासी येथें आले. त्यांनीं रक्तसाक्ष्यांच्या अस्थि उकरून चीन देशांतील झैतून बंदरास नेल्या. त्यामुळें सोपाऱ्यास कबर उरली नाहीं.

पुढें फादर जॉर्डन युरोपास गेले व पूर्वेकडील आश्चर्यांविषयीं त्यांनीं ल्याटिन भाषेंत एक लहानसें पुस्तक लिहिलें. पांच माणसांस एक पुरेल एवढा फणस, गोड आंबा, नारळ, पारंब्या सोडून पसरणारा वड, हीं सर्व त्यांत आहेत. पारशी लोकांची मृतांविषयींची रीतहि आहे. येथील लोक खरें बोलणारे व न्यायी आहेत, असेंहि ते लिहितात. एवढा छळ सोसलेल्या मनुष्यानें असें लिहावें हें विशेष! आपण सुमारें तीनशें जणांस श्रद्धेंत आणिलें असें ते सांगतात. नांवें मात्र त्यांनीं दिलेलीं नाहींत.

१३२९ सालीं पोप बाविसावे जॉन ह्यांनीं त्यांस कोल्लमचे बिशप नेमिलें. हिंदुस्थानांतील ल्याटिन विधीचा तो पहिला धर्मप्रांत होय. सोपाऱ्यास त्यांनीं पुरलेल्या चौघांपैकीं तोलेंतीनोचे थॉमस ह्यांस पोप तेरावे लिओ ह्यांनीं १८९४ त धन्य म्हणून मान्यता दिली.