चिमणीचे नाव विचारणारा मुलगा

आपल्याकडच्या माणसाला पक्षी दिसत नाहीत असे नाही. तो त्यांची चौकशी करत नाही, इतकेच. व्हला, साळुंकी, टिटवी, मोर एवढ्यांवर आमचे काम भागते. उरलेल्या सगळ्यांना आम्ही पाखरे म्हणतो.

मीही त्यातलाच. परभणी जिल्ह्यात, गंगाखेड तालुक्यातले राणीसावरगाव हे रेणुकादेवीचे गाव. १९८७ साली मी त्या भागात बँकेत अधिकारी होतो. त्याच वर्षी सालिम अली गेल्याची बातमी एसटीची वाट पाहता पाहता वाचली आणि पान उलटले. त्या वेळी माझ्या पिशवीत विहिरी आणि पंपांच्या कर्जाचे कागद होते. पाखरांना वेळ कुणाला होता?

राज्य सरकारने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. या आठवड्यात गावोगावी शाळांतून भाषणे होतात. त्यातल्याच एका भाषणासाठी राणीसावरगावच्या जुन्या ओळखीच्या मंडळींनी मला बोलावले. माझ्या कादंबऱ्यांत पानोपानी पक्षी आहेत, असा त्यांचा समज. आहेत खरे, पण ते नुसतेच किलबिलतात, एकालाही नाव नाही! तेव्हा जाण्याआधी महिनाभर सालिम अलींचे चरित्र वाचत बसलो.

त्यांचा जन्म १८९६ चा, मुंबईचा. भावंडांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई गेली. खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या मुलांना वाढवले. मामा शिकारी. घरात बंदुकांचे कौतुक, त्यामुळे भाच्याच्या हातीही छर्‍याची बंदूक आली. दहाएक वर्षांच्या सालिमने एक चिमणी पाडली. उचलून पाहतो तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका. ही कोणती चिमणी? मामांना सांगता येईना. त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत धाडले. तिथले मानद सचिव मिलार्ड हे इंग्रज गृहस्थ. समोर बुजलेले, काळेसावळे पोर. त्यांनी त्याला हाकलले नाही. ती पीतकंठी चिमणी, म्हणजे रानचिमणी, हे सांगितले आणि कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. मला या चरित्रात सर्वांत मोठी घटना हीच वाटते. पुढचे सगळे या खणांतून बाहेर आले.

मात्र सरळ वाटेने नाही. कॉलेजात गणिताने पळवून लावले. मग ब्रह्मदेशात तवॉयला घरच्या खाणीचा आणि लाकडाचा धंदा सांभाळायला गेले. तिथे धंद्यापेक्षा जंगलच जास्त पाहिले. परत आल्यावर दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि जमाखर्च शिकले. (आमच्या धंद्यातला माणूस थोडक्यात निसटला म्हणायचा.) त्याच दिवसांत फादर ब्लॅटर यांच्याकडे प्राणिशास्त्राचे पाठ घेतले. पण विद्यापीठाची पदवी नव्हती, म्हणून झूऑलॉजिकल सर्व्हेने नोकरी दिली नाही. पुढे नावामागे लागलेले डॉक्टर हे विद्यापीठांनी मानाने दिलेले.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये त्यांना गाइड लेक्चररची जागा मिळाली. आलेल्या लोकांना पशुपक्ष्यांची माहिती सांगायची. दोन वर्षांत त्याच त्या बोलण्याचा कंटाळा आला आणि रजा काढून ते बर्लिनला प्राध्यापक स्ट्रेसेमान यांच्याकडे शिकायला गेले. १९३० मध्ये परतले तेव्हा जागाच उरली नव्हती; पैसा नाही म्हणून ती रद्द झालेली.

बेकार नवरा आणि त्याची बायको तेहमीना, दोघे अलिबागजवळ किहीमला तिच्या घरच्या बंगलीत राहायला गेले. तिथे जवळच झाडांवर सुगरणींची वसाहत होती. हाताला काम नसलेला हा माणूस पावसाळाभर आडोशाला बसून घरटी पाहत राहिला. बहिणाबाईंमुळे सुगरण आपल्या घराघरांत पोचली आहे, पण खरी गंमत पुढे आहे. घरटे विणतो तो नर! ते अर्धे झाले की माद्या पाहणीला येतात. एखादीला पसंत पडले तर ती तिथे मुक्काम करते आणि मग नर बाकीचे काम, ती खाली लोंबणारी नळी, पुरी करतो. कुणालाच न आवडलेले घरटे तसेच अर्धवट लटकत राहते. आणि एक संसार मार्गी लागला, मादी अंड्यांवर बसली की हे महाशय शेजारी दुसरे घर बांधायला घेतात, दुसरीसाठी. शाळेत हे सांगितल्यावर मागे बसलेल्या बाया पदरात तोंड लपवून हसल्या.

यानंतरचा भाग आपल्या मुलखाचा. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. सालिम अलींनी हैदराबाद संस्थानातले पक्षी शोधण्याचे काम अंगावर घेतले. पगार नको, फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या, असा त्यांचा हिशेब. १९३१-३२ मध्ये हे सर्वेक्षण झाले. तेहमीना बरोबर असत. विलायतेत शिकलेली ही बाई तंबूतला संसार हौसेने करत होती. पक्षी टिपायचा, कातडे सोलून टिकवायचे, त्याला तारीख, ठिकाण, नरमादी लिहिलेली चिठ्ठी बांधायची. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तेहमीना गेल्या. बहीण आणि मेहुण्यांनी त्यांना आपल्या घरी नेले. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४१ मध्ये आले आणि शाळकरी पोरांनाही पाखरांची नावे सापडू लागली. पुढे रिप्ले या अमेरिकन मित्राबरोबर दहा खंडांचा ग्रंथ झाला. भरतपूरचे पाणथळ, केरळची सायलेंट व्हॅली यांच्यासाठी ते झटले. १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभा. आत्मचरित्राच्या नावात मात्र त्यांनी ती चिमणीच ठेवली.

माझे भाषण इथवर आले आणि सातवीतल्या एका पोराने उभे राहून विचारले, त्यांनी एवढे पक्षी बंदुकीने मारले, मग आपण त्यांना पक्ष्यांचे रक्षक कसे म्हणायचे?

मी सांगितले की तेव्हा कॅमेरे, दुर्बिणी आजच्यासारख्या नव्हत्या; हातात पक्षी असल्याशिवाय कुठे काय आहे याचा पुरावा होत नसे. त्यांनी शिकार कधी नाकारली नाही, पण मारलेल्या प्रत्येक पक्ष्याचा हिशेब लिहून ठेवला. उत्तर खोटे नव्हते. पण पोराचे समाधान झाले नाही आणि माझेही झाले नाही.

कारण मला माळढोक आठवत होता. मीटरभर उंच, पंधरा किलोपर्यंत वजनाचा हा पक्षी उघड्या माळावर जमिनीवरच अंडे घालतो, बहुधा एकच. तो राष्ट्रीय पक्षी व्हावा असे सालिम अलींना वाटे. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. सोलापूरकडे नान्नजला १९७९ मध्ये त्याचे अभयारण्य झाले. आज साऱ्या देशात दोनशेसुद्धा माळढोक नाहीत. त्याला हवा असतो उघडा माळ. आणि आमच्या कागदांत माळाला एकच शब्द होता, पडीक. पडीक जमीन लागवडीखाली आणणे या शीर्षकाखाली मी किती अर्ज मंजूर केले, मोजलेले नाहीत. बंदूक न उचलता सही करता येते. त्या कर्जांवर विहिरी झाल्या, कापूस आला, पोरे शिकून नांदेडला, पुण्याला गेली, हेही तितकेच खरे. मला ते कर्ज आज नाकारायचे झाले तर कुणाच्या तोंडावर नाकारू?

हे मी शाळेत बोललो नाही. कार्यक्रम संपल्यावर गुरुजी मुलांना गावाबाहेर एका विहिरीवर घेऊन निघाले, मलाही ओढले. विहीर ओळखीची निघाली. तिचे कर्ज मीच दिलेले. काठची बाभूळ विहिरीवर झुकली होती आणि पाण्यावर सुगरणीची घरटी लोंबत होती. हंगाम संपलेला, घरटी रिकामी. मुले मोजू लागली. कुणाची अठरा झाली, कुणाची एकवीस. पुन्हा भांडत मोजणी.

एका मुलीने वही पुढे केली आणि विचारले, आजोबा, ती अर्धी राहिलेली धरायची का?

मी तिच्या वहीत उभी रेघ मारून दोन रकाने केले. पुरी चौदा, अर्धवट सात.