शेतीमालाच्या बाजारपेठेचा अभ्यासक : धनंजयराव गाडगीळ

तूर पिकवणारा कर्जात आणि तुरीची डाळ विकणारा माडीत, असे का व्हावे? नांदेड-लातूरकडील शेतकरी कुटुंबातून आलेल्या विद्यार्थ्याला हा प्रश्न घरातूनच मिळालेला असतो. खळ्यावरचा माल आडतीवर येतो, सौदा होतो, आडत, हमाली, तोलाई वजा होऊन पट्टी हातात पडते. पेरणीच्या वेळी ज्या आडत्याकडून उचल घेतली, त्याच्याच दुकानी माल घालावा लागतो. मग भाव पटो वा न पटो. या व्यवहाराचा शास्त्रशुद्ध अभ्यास करून त्यावर तोड काढण्यासाठी ज्यांनी आपली बुद्धी वेचली, त्या प्रा. धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचे चरित्र म्हणूनच आपल्या भागाला जवळचे आहे.

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ चा. बालपण नागपुरात गेले. उच्च शिक्षणासाठी ते केंब्रिजला गेले. भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या त्यावर पोसल्या. परतल्यावर मुंबई सरकारच्या अर्थखात्यात अल्पकाळ नोकरी आणि सुरतेच्या महाविद्यालयात प्राचार्यपद, असा प्रवास करून ते १९३० साली पुण्यास आले. रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून तेथे गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली होती. तिचे संचालकपद त्यांनी १९६६ पर्यंत सांभाळले.

संस्थेच्या अगदी आरंभीच्या प्रकाशनांत १९३३ चा एक अहवाल आहे. विषय कोणता, तर पुण्यातील फळांचा बाजार. केंब्रिजहून आलेल्या विद्वानाने फळबाजाराचा अभ्यास करावा, ही गोष्ट त्या काळी अनेकांना चमत्कारिक वाटली असेल. पण धनंजयरावांची दृष्टी येथेच दिसते. बाजार म्हणजे केवळ मागणी-पुरवठ्याच्या दोन रेघा नव्हेत. माल कोणाच्या हातून कोणाच्या हाती जातो, वजन कोण करतो, पैसा आधी कोण देतो, यावर भाव ठरतो. नियमनाचे प्रयत्न तोवर सुरू झालेले होते. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ सालीच नियंत्रित कापूस बाजार स्थापन झाला होता. ज्या हैदराबाद संस्थानात तेव्हा आपला मराठवाडा होता, तेथेही १९३० साली बाजार कायदा झाला. कायद्याने तराजू सरळ झाला, तरी उचलीने बांधलेला शेतकरी मोकळा होत नव्हता.

म्हणून धनंजयराव कर्जाच्या प्रश्नाकडे वळले. शेतीच्या अर्थपुरवठ्याबाबत नेमलेल्या उपसमितीचे ते अध्यक्ष होते. तिचा अहवाल १९४५ चा. पुढे रिझर्व्ह बँकेने १९५१ साली अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी हाती घेतली. तिच्या गोरवाला समितीचे ते सदस्य होते. १९५४ च्या अहवालातून भयंकर चित्र पुढे आले. शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून मिळणारे कर्ज शेकडा ३ च्या आसपास होते. सावकारांचा वाटा शेकडा ७० च्या घरात होता. समितीने सुचवलेला उपाय असा : कर्ज, गोदाम, विक्री आणि प्रक्रिया या चारही गोष्टी एकमेकींना जोडा. सोसायटीने पिकावर कर्ज द्यावे, माल सहकारी विक्री संघामार्फत विकला जावा, आणि त्या पट्टीतून कर्ज फिटावे. आडत्या जी साखळी स्वतःसाठी वापरत होता, तीच शेतकऱ्याच्या मालकीची करायची, हे त्यातले मर्म.

ही कल्पना कागदावर राहिली नाही, याचे कारण प्रवरानगर. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात लोणी येथे शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. धनंजयराव आरंभापासून सुमारे १० वर्षे त्याचे अध्यक्ष होते. तोडलेला ऊस दोन दिवस पडला तर उतारा घटतो. त्यामुळे खाजगी कारखान्याच्या दारात शेतकरी अगतिक असतो. सहकारी कारखान्यात शेतकरीच भागधारक झाला. त्याने ऊस घालण्याचा करार करायचा, कारखान्याने तोडणीचा क्रम लावून वेळेवर गाळप करायचे, आणि बँकेचे कर्ज उसाच्या बिलातून वळते व्हायचे. दोन्ही बाजू बांधलेल्या असल्यामुळे विश्वास निर्माण झाला. त्याच वाटेने पुढे मराठवाड्यात तेरणा, गोदावरी-मनार, मांजरा हे कारखाने उभे राहिले.

मात्र जे उसात साधले ते तूर, कापूस, ज्वारीत का साधले नाही, याचा विचार आपण केला पाहिजे. उसाला जवळचा कारखाना हेच एक दार. तुरीला शंभर दारे. सोसायटीची वसुली टाळायची असेल तर शेतकरी माल गुपचूप व्यापाऱ्याकडे नेऊ शकतो, आणि घरात लग्न किंवा आजारपण निघाले की त्याच दिवशी रोख देणारा आडत्याच असतो. सहकारी संस्थेला ही रात्री-अपरात्रीची गरज भागवता आली नाही. शिवाय अनेक संस्था सभासदांच्या हातून पुढाऱ्यांच्या हाती गेल्या. साखळी शेतकऱ्याच्या मालकीची करायची होती, ती काही ठिकाणी नव्या मालकांची झाली.

अखेरच्या काळात धनंजयराव पुणे विद्यापीठाचे कुलगुरू आणि १९६७ पासून नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होते. राज्यांना केंद्रीय साहाय्य वाटण्याचे सूत्र त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९६९ साली बँकांनी जिल्हावार जबाबदारी घ्यावी असे सुचवले आणि त्यातून अग्रणी बँक योजना आली. ३ मे १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर पुष्कळ बदलले. २०१६ साली फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय राज्यात झाला. पुण्याच्या फळबाजारावरील त्या अहवालाला तेव्हा ८३ वर्षे झाली होती. आज लातूरच्या बाजारात सोयाबीनचे ढीग लागतात, गोदामाच्या पावतीवर कर्ज मिळते, शेतकरी उत्पादक कंपन्या निघतात. या प्रत्येक नव्या व्यवस्थेला धनंजयरावांच्या पद्धतीने तीन प्रश्न विचारावेत : वजन कोण करतो, उचल कोण देतो, आणि नफ्याची मालकी कोणाची? ज्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला आपल्या गावच्या पट्टीवरून ही उत्तरे काढता येतील, त्याने धनंजयरावांचा वारसा घेतला असे म्हणता येईल.