गेममधलं अफाट जग मेमरीत सापडतं कसं? हान्स पीटर लून यांची गोष्ट

समजा, नृसिंहवाडीतल्या एखाद्या मुलाने माइनक्राफ्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचा संगम आणि घाट उभा केला. त्याचा खेळाडू कुरुंदवाडकडे निघाला की मागचं जग मेमरीतून जातं, पुढचं येतं. या तुकड्यांना चंक म्हणतात. एक चंक १६ बाय १६ ठोकळ्यांचा. चहूकडे १० चंक दिसायचे तर एका वेळी ४४१ सांभाळावे लागतात. अख्ख्या जगात मात्र ते १४ लाख कोटींच्या घरात जातात! इतक्यांसाठी मेमरीत जागा राखून ठेवणं अशक्यच. मग हवा तो चंक क्षणात सापडतो कसा?

यामागची युक्ती लून यांची. १८९६ मध्ये जर्मनीतल्या बार्मेनला एका मुद्रकाच्या घरी ते जन्मले. पुढे अमेरिकेत गेले आणि कापडधंद्यात शिरले. कापडावर ठेवली की इंचाला किती धागे ते दाखवणारी ल्युनोमीटर ही पट्टी त्यांचीच. (भिंग लावून धागे मोजण्याचा वैताग वाडीशेजारच्या इचलकरंजीत कुणालाही विचारा.) १९४१ मध्ये ते आयबीएममध्ये आले.

जानेवारी १९५३ मध्ये त्यांनी कंपनीतच एक टिपण फिरवलं. माहिती एकामागून एक हुडकत बसू नका. तिच्या क्रमांकावरच छोटंसं गणित करा, येईल त्या खणात ती ठेवा, असा त्याचा आशय. दत्तजयंतीच्या गर्दीत चपला मोबाईल नंबरच्या शेवटच्या दोन आकड्यांच्या खणात ठेवल्या, तर टोकनसुद्धा लागणार नाही. खण शंभरच. एका खणात तीन जोड आले? तेवढेच तीन बघायचे. लून यांनीही एका खणातल्या नोंदी साखळीने जोडायला सुचवलं होतं.

यालाच आज हॅश टेबल म्हणतात. असे गेम लिहिताना सहसा चंकच्या पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण क्रमांकांवरून खण काढतात. खेळाडू लांब गेला की बदललेला चंक डिस्कवर उतरवून खण मोकळा करायचा. हे विसरलं की मेमरी भरत जाते आणि गेम अडखळतो.

टिपण मात्र कंपनीबाहेर छापलं गेलं नाही. या पद्धतीवरचा लेख १९५६ मध्ये अर्नोल्ड ड्यूमी यांच्या नावाने आला. ८० हून अधिक पेटंटं घेतलेले लून १९६४ मध्ये वारले. आज त्यांचं नाव घेतलं जातं ते दुसऱ्याच कामासाठी: कार्डाचा नंबर टाइप करताना एक आकडा चुकला तर ते ओळखणाऱ्या गणितासाठी. तुमच्या मोबाईलच्या आयएमईआय नंबरातला शेवटचा आकडाही त्याच गणिताने काढलेला असतो.