पिएर तुसाँ यांचा स्मृतिदिन



३० जून हा पिएर तुसाँ यांचा स्मृतिदिन. १८५३ साली याच दिवशी ते न्यू यॉर्कला वारले. आपल्या लोकांत त्यांचे नाव फारसे कानावर येत नाही, म्हणून हे पत्र.

आजच्या हैतीत ते गुलाम म्हणून जन्मले. १७८७ साली बेरार नावाच्या मालकाने त्यांना आणि बहीण रोझालीला न्यू यॉर्कला आणले आणि पिएरना केशरचना शिकायला घातले. मालक मळ्याची व्यवस्था बघायला परत गेला, तो तिकडेच वारला. पैसाही बुडाला. मग श्रीमंत बायकांचे केस बांधून या गुलामाने मालकिणीचे घर चालवले!

तिथला कायदाही बघा. १७९९ साली न्यू यॉर्कने ठरवले, की ४ जुलैनंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेले मूल स्वतंत्र. पण मुलाने २८ आणि मुलीने २५ वर्षांची होईपर्यंत आईच्या मालकाकडे राबायचे. म्हणजे तारुण्य मालकाचे, उरले ते तुमचे. आधी जन्मलेल्यांना तेवढेही नाही. त्यांच्या सुटकेची तारीख १८१७ च्या कायद्याने ठरली, ४ जुलै १८२७. तुसाँ त्यांच्यातलेच. मालकिणीने मरताना, १८०७ साली, त्यांना मोकळे केले म्हणून त्यांची वीस वर्षे वाचली.

काही जण म्हणतात, हा माणूस फारच आज्ञाधारक होता. मला ते पटत नाही. कायद्याच्या तारखेची वाट न बघता त्यांनी स्वतःच्या कमाईतून रोझालीला सोडवले, ज्युलिएतलाही सोडवले आणि १८११ साली तिच्याशी लग्न केले. लाचार माणूस असे करील का?

रोझाली गेल्यावर तिची मुलगी युफेमिया त्यांनीच वाढवली. पोर दर आठवड्याला मामाला इंग्रजीत नि फ्रेंचमध्ये चिठ्ठी लिहायची. (शिक्षकाला हे वाचून बरे वाटते.) १८२९ मध्ये क्षयाने ती गेली.

रोज पहाटे सेंट पीटर चर्चमध्ये मिस्सा, मग दिवसभर पायी गिऱ्हाइकांची घरे. अनाथालयासाठी पैसे गोळा करायचे, साथीतल्या रोग्यांची शुश्रूषा करायची. जुन्या सेंट पॅट्रिक चर्चसाठीही त्यांनी वर्गणी जमवली. त्याच चर्चच्या दारात काळे म्हणून त्यांना एकदा अडवले गेले. विश्वस्तांच्या अध्यक्षांनी नंतर पत्र लिहून माफी मागितली. १९९० साली त्यांच्या अस्थी नव्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलच्या तळघरात, आर्चबिशपांच्या रांगेत ठेवल्या. १९९६ साली पोपसाहेबांनी त्यांना 'व्हेनरेबल' ठरवले.

३० जूनच्या मिस्सेनंतर फादरांनी त्यांच्याबद्दल दोन शब्द सांगावेत, एवढीच विनंती.

– एक निवृत्त शिक्षक, बेळगाव