रॉबर्ट कॉख : जंतूंचा फोटो पुरावा म्हणून मांडणारा डॉक्टर

थुंकीचा नमुना काचेवर पसरायचा, सुकवायचा, रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली पाहायचा. क्षयरोगाची ही तपासणी आजही आपल्याकडे अनेक ठिकाणी होते. या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांमध्ये जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख यांचे नाव आघाडीवर आहे. मात्र जंतू दिसला एवढ्यावर त्यांचे समाधान नव्हते. तो इतरांनाही तसाच दिसला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

कॉख यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतील क्लाउस्थाल या खाणींच्या गावात झाला. गटिंगेन येथे वैद्यकीय शिक्षण घेतल्यावर १८७२ मध्ये ते वोलश्टाइन या गावी (आता पोलंडमध्ये) सरकारी डॉक्टर झाले. रुग्ण तपासायच्या खोलीतच त्यांनी आपली छोटी प्रयोगशाळा थाटली.

त्या भागात गुरांना अँथ्रॅक्स व्हायचा. आपल्याकडे याला फाशी किंवा काळपुळी म्हणतात. मेलेल्या जनावरांच्या रक्तात काडीसारखे जंतू असतात, हे आधीच माहीत होते. पण हा रोग त्याच कुरणात पुन्हा पुन्हा का येतो, हे कळत नव्हते. कॉख यांनी दाखवून दिले की हे जंतू टणक बीजाणू तयार करतात आणि ते मातीत वर्षानुवर्षे टिकतात. १८७६ मध्ये त्यांनी ब्रेस्लाऊला जाऊन वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांच्यासमोर हे प्रयोग करून दाखवले. कोन यांनी ते संशोधन प्रसिद्ध केले.

चित्र की फोटो?

या संशोधनासोबत हाताने काढलेली चित्रे होती. त्या काळी हीच पद्धत होती आणि अडचणही तिथेच होती. माणूस चित्र काढतो ते त्याला जसे दिसले, किंवा दिसावेसे वाटले, तसे. दोन संशोधकांची चित्रे जुळली नाहीत, तर खरे कोणाचे मानायचे? एकच जंतू वेगवेगळी रूपे घेतो असे मानणारेही बरेच होते. त्यामुळे अमुक जंतूमुळे अमुक रोग होतो, हे ठामपणे सांगणे कठीण होते.

कॉख यांनी कॅमेरा हाती घेतला. पण जिवंत जंतू हलतात आणि हललेला फोटो पुसट येतो. म्हणून द्रवाचा पातळ थर काचेवर सुकवून त्यांनी जंतू स्थिर केले. मग ते दिसावेत यासाठी त्यांना रंग दिला. इथेही एक गोम होती. त्या वेळच्या फोटोच्या काचा प्रामुख्याने निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. त्यामुळे निळ्या रंगाने रंगवलेला जंतू डोळ्यांना स्पष्ट दिसला, तरी फोटोत फिका पडायचा. कॉख यांनी फोटोसाठी तपकिरी रंग वापरला. तो निळा प्रकाश अडवतो, म्हणून जंतू फोटोत गडद उमटले. उजेड सूर्याचा. तो आरशाच्या साहाय्याने मायक्रोस्कोपवर आणावा लागे.

ही पद्धत त्यांनी १८७७ मध्ये फोटोंसह प्रसिद्ध केली. जिवाणूंची छापून आलेली पहिली छायाचित्रे म्हणून ती ओळखली जातात.

क्षयरोग आणि कॉलरा

१८८० मध्ये कॉख बर्लिनला गेले. २४ मार्च १८८२ रोजी त्यांनी क्षयरोगाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. नुसते भाषण करून ते थांबले नाहीत. तयार काचा आणि मायक्रोस्कोप मांडून ठेवले आणि श्रोत्यांना स्वतः पाहायला लावले. हाच दिवस आज जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो. कॉलऱ्याचा शोध त्यांना इजिप्तमार्गे भारतात घेऊन आला. १८८४ मध्ये कोलकात्यात त्यांनी रुग्णांमध्ये आणि तिथल्या एका तळ्याच्या पाण्यातही स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू दाखवला.

स्वतःचाच नियम मोडला

१८९० मध्ये मात्र कॉख घसरले. क्षयरोगावर उपाय सापडल्याचे संकेत त्यांनी बर्लिनच्या वैद्यकीय परिषदेत दिले, पण औषधात काय आहे ते गुप्त ठेवले. आशेने रुग्णांची बर्लिनकडे रीघ लागली. ट्युबरक्युलिन नावाच्या त्या औषधाने आजार बरा होत नव्हता. अनेकांची प्रकृती बिघडली, काही दगावले. इतरांना पडताळता येईल असा पुरावा मागणाऱ्या माणसाने या वेळी तो स्वतःच दिला नव्हता. औषध म्हणून ते फसले, पण पुढे क्षयरोगाचा संसर्ग ओळखण्याच्या त्वचा-चाचणीत उपयोगी ठरले.

संशोधन थांबले नाही. १८९७ मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी ते मुंबईत आले होते. क्षयरोगावरील कामासाठी १९०५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २७ मे १९१० रोजी बाडेन-बाडेन येथे त्यांचे निधन झाले.

आज मायक्रोस्कोपला जोडलेल्या कॅमेऱ्याने फोटो क्षणात निघतो आणि दूरच्या शहरातील तज्ज्ञही तो पाहून मत देऊ शकतो. एकाने पाहिलेले दुसऱ्याला तपासता यावे, एवढेच कॉख यांना १८७७ मध्ये हवे होते.