सावित्रीबाईंची लेखणी

दरवर्षी ३ जानेवारीला आपण क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या प्रतिमेस पुष्पहार अर्पण करतो. अंगावर पडलेले शेण आणि सोबत नेलेले जादा लुगडे ही कथा विद्यार्थ्यांना मुखोद्गत असते. त्या कथेत त्यांची लेखणी मात्र राहून जाते.

१८३१ साली नायगावात जन्म, १८४० साली विवाह, अक्षरओळख जोतीरावांकडून. भिडेवाड्यातील शाळेनंतर सहाच वर्षांनी, १८५४ साली, त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या.

१८५६ हे वर्ष मला विशेष वाटते. आजारपणामुळे त्या माहेरी नायगावी होत्या. १० ऑक्टोबरला त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. ज्या भावाने त्यांची शुश्रूषा केली, त्यानेच महार-मांगांसाठी काम करता म्हणून दोघांना दूषण दिले होते. गायी-शेळ्यांना जवळ घेणारा, नागपंचमीला नागाला दूध पाजणारा माणूस माणसालाच अस्पृश्य कसा मानतो, असे त्यांनी त्याला विचारले. आईसमोर झालेला हा वाद त्यांनी पत्रात सविस्तर मांडला आहे. भावाची माया नाकारली नाही आणि त्याची चूकही झाकली नाही. पुण्यात एकट्या पडलेल्या फातिमाबाईंची काळजीही पत्रात आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला असे घरगुती साधन क्वचितच लाभते.

त्याच वर्षी जोतीरावांची भाषणे पुस्तकरूपाने आली. त्यांच्या संपादिका सावित्रीबाई. बोललेला शब्द हवेत विरतो. पतीचा शब्द कागदावर टिकावा, हे काम ज्या पत्नीला त्यानेच अक्षरे शिकवली, तिने केले.

१८६८च्या पत्रात गणेश हा ब्राह्मण तरुण आणि शारजा ही महार तरुणी यांची हकीकत येते. गाव दोघांच्या जिवावर उठले होते. सावित्रीबाईंनी इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घालून त्यांना सोडवले आणि जोतीरावांकडे पाठवले. १८७७चे ओतूरहून लिहिलेले पत्र दुष्काळाचे आहे.

१८८८ साली पक्षाघाताने जोतीरावांचा उजवा हात निकामी झाला. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांनी डाव्या हाताने लिहिले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले आणि पुढच्या वर्षी दत्तक पुत्र यशवंत यांनी ते प्रसिद्ध केले. अंत्ययात्रेत टिटवे धरणाऱ्या सावित्रीबाईंनी मग जोतीरावांचे चरित्र पद्यात रचले. ते ‘बावन्नकशी सुबोध रत्नाकर’ १८९२ साली छापले गेले. विधवेने घराच्या कोपऱ्यात बसावे, असा तो काळ होता.

१० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना झालेल्या लागणीने त्यांचे निधन झाले. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले त्यांचे समग्र वाङ्मय १९८८ साली राज्य शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने काढले. आपल्या ग्रंथालयातील प्रतीत नायगावच्या पत्राची पाने सर्वांत जास्त हाताळलेली आहेत. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांची बोटे तिथे बरोबर पोहोचतात.